चढावर रुसणारी गाडी

पुआच्या बाजारातून डोंगराकडे निघालं की शेवटचं गॅरेज इन्ताचं. पुढे भाताची खाचरं, मग देऊळ, आणि त्यानंतर बो क्लुआच्या मिठाच्या विहिरींपर्यंत नुसता चढ. गावात सगळे त्याला चांग इन्ता म्हणत. चांग म्हणजे कारागीर, आणि हा मान त्याने कानांच्या जोरावर मिळवला होता. चिकट भाताचा गोळा हातात तसाच धरून, रस्त्यावरून गेलेल्या गाडीकडे न बघता तो सांगायचा, "पट्टा सैल झालाय याचा. उद्या येईल." दुसऱ्या दिवशी तो माणूस खरोखर दारात हजर.

असे तयार कान ज्याला दिले त्याला जरा थंड डोकंही द्यायला हवं होतं. ते द्यायचं राहून गेलं. इन्ताचे कान इंजिनाइतकेच आणखी एका गोष्टीकडे लागलेले असायचे: शेजारच्या टपरीत आपली बायको खाम्पेंग कोणाशी, किती वेळ आणि किती हळू बोलते.

खाम्पेंग मोगऱ्याचे हार ओवायची. गाडीची मालकीण जी मे-या-नांग देवी, तिला घालायचे हार सगळे ड्रायव्हर तिच्याकडून नेत. स्टिअरिंगच्या दांड्याला बांधायची तीन रंगांची फडकीही तिच्याच हातची लागत. मे-या-नांग खूश असली तर घाट सुखरूप पार पडतो, याबद्दल पुआत कोणाला शंका नाही. इन्ता तेवढा नाक मुरडायचा. "इंजिन डिझेलवर चालतं, चिंध्यांवर नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या तोंडावर खाम्पेंग नवं कोरं फडकं घेऊन त्याच्या जुन्या पिकअपपाशी गेली, तेव्हाही गाडीखाली आडवं पडल्या पडल्याच त्याने तिला हे वाक्य ऐकवलं.  फडकं तसंच हातात घेऊन ती टपरीत परत गेली.

आता विरोतबद्दल सांगायला हवं, कारण इन्ताच्या पोटातलं सगळं दुखणं या एका माणसाच्या नावाचं होतं. विरोत बो क्लुआच्या वाटेवर जुनी व्हॅन चालवायचा. बायको वारलेली, मुलगी शिकायला शहरात, आणि स्वतः पन्नाशीच्या घरात येऊनही डोक्यावर एक पांढरा केस नाही. घाटात गाणी म्हणायचा. हसला की टपरीवरच्या बायका हार कोणता घ्यायचा तेच विसरायच्या. तरुणपणी त्याने खाम्पेंगच्या बापाकडे लिचीची टोपली भरून पाठवली होती. बापाने लिची खाल्ल्या आणि मुलगी इन्ताला दिली. या गोष्टीला अर्धा जन्म लोटला, पण इन्ता अजून लिचीला तोंड लावत नाही.

नव्या वर्षाआधी विरोत व्हॅनचं तेल बदलायला आला. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून इन्ता आत वाकला, आणि नाकासमोर लाल-पिवळं-हिरवं फडकं झुललं. गाठ नेहमीची नव्हती. कापड दुमडून दुमडून तिचं कमळ केलं होतं. खाम्पेंगने असली गाठ आजवर कोणाच्याही गाडीला बांधली नव्हती.

इन्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. विरोत टपरीवर चहा पीत होता. इन्ताने फडकं सोडवलं, आणि मग पंचाईत झाली. मे-या-नांगचं वस्त्र जमिनीवर टाकता येत नाही. त्याला तेलकट हात पुसता येत नाहीत. खिशात घालावं तर खिसा कमरेखाली, आणि कमरेखाली देवाची वस्तू म्हणजे पापच. चिंध्या चिंध्या म्हणून हिणवणारा हा शहाणा फडकं हातात घेऊन घामाघूम झाला. शेवटी त्याने नीट घडी घातली, वर तांब्याची तार दोनदा वळवून टोक आत दडपलं, घडी कपाळाला लावली आणि पुटपुटला, "आई, तुझ्याशी माझं वैर नाही. तुझा ड्रायव्हर मला बघवत नाही." मग सीटच्या मागच्या खांबाला जे पत्र्याचं आच्छादन असतं त्याच्या वरच्या फटीत, चांगलं खांद्याच्या उंचीवर, त्याने ती घडी खोचून दिली. सीट खाली पाडली. विरोतकडे बघून तो त्या दिवशी चक्क हसला.

नवं वर्ष झालं, एकमेकांवर पाणी उडवून झालं, आणि विरोतची व्हॅन चढावर दम सोडायला लागली.

"पी इन्ता," विरोत म्हणाला. वयाने मोठ्याला पी म्हणायची रीत तो कधी चुकवत नसे, आणि त्याचाही इन्ताला राग यायचा. "मधेच ताकद जाते बघ. पाय खालपर्यंत दाबला तरी गोगलगाय. थांबलो, बंद केली, जरा वेळाने सुरू केली की काही झालंच नाही असं चालते. रोज करते असंही नाही."

इन्ताने डिझेलचा फिल्टर बदलला. व्हॅन गेली आणि पुढच्या अष्टमीला परत आली. इन्ताने टाकी उतरवून तळाचं पाणी आणि गाळ काढला. व्हॅन गेली आणि पौर्णिमेला परत आली. मग नोझल उघडली, नळ्या बदलल्या, एअर फिल्टर काढून झटकला. तो बिचारा स्वच्छच होता. व्हॅन अमावास्येला दारात हजर. येण्याचे दिवस इन्ताच्या लक्षात आल्यावाचून कसे राहतील? अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या, सगळे देवळात जायचे देवाचे दिवस, म्हणजे खाम्पेंगकडे ताजे हार असण्याचे दिवस. विरोत गाडी इकडे लावायचा आणि तडक तिकडे. दोघं डोकं जवळ आणून बोलायची. इन्ता हात पुसत आला की गप्प. एकदा पान्याचा खडखडाट मुद्दाम थांबवून त्याने कान टवकारले, तर विरोत म्हणत होता, "पण त्याला यातलं काही कळू देऊ नकोस." आणि खाम्पेंग म्हणाली, "नाही सांगत."

त्या दिवशी इन्ताला भात गिळवला नाही.

गाडीत बिघाड नाहीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं. बिघाड असता तर इन्ताच्या कानांतून सुटला असता? हा येण्याचा बहाणा. तरीही, काम घेतलं म्हणजे गाडी चालवून बघायला हवी. विरोत स्वतः सुचवायचा, "पी, एकदा चढावर नेऊन बघ ना. मी इथे बसतो तोवर."

मी इथे बसतो तोवर! चढावर जाऊन यायचं तर निम्मी सकाळ गेली. तेवढा वेळ याला टपरीत मोगऱ्याच्या ढिगाशेजारी बसवून जायचं? आणि याला शेजारी बसवून न्यायचं, तर वाटभर याची गाणी ऐकायची. इन्ता रिकामी व्हॅन देवळापर्यंत न्यायचा, सपाट रस्त्यावर, आणि धूळ खाली बसायच्या आत परत यायचा. "काही नाही झालेलं. चढ काय आणि सपाट काय, इंजिन तेच." ज्याने पुआतल्या निम्म्या गाड्यांना बोलतं केलं तो माणूस असं वेड्यासारखं बोलत होता. ताकद जाते तेव्हा धूर कसा निघतो, हा पहिला प्रश्न. तोसुद्धा त्याने विचारला नव्हता. विचारायचं म्हणजे विरोतशी बोलायचं.

एकदा मात्र त्याने खांबाच्या फटीत बोट घालून पाहिलं. फडकं तिथे नव्हतं. म्हणजे विरोतला सापडलं. सापडलं आणि तरी तो गप्प आहे, गोड हसतोय, पी पी करतोय. माझी चोरी याला ठाऊक आहे, आणि मला खेळवतोय! इन्ताच्या डोक्यात हे जे घुसलं ते निघेना.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा बो क्लुआला राहणाऱ्या खाम्पेंगच्या बहिणीचं बोलावणं आलं: मुलाला भिक्षूची दीक्षा द्यायची आहे, हार करायला ये. खाम्पेंगने गाठोडं बांधलं. इन्ताने ते डोळ्यांनी तोललं.

"दोन दिवसांच्या कामाला एवढे कपडे?"

"हार किती करायचेत ते कळलं की ठरवीन, किती दिवस ते."

"आणि जाणार कोणाबरोबर?"

"वाटेवर व्हॅन एकच आहे."

"मग रहा तिकडेच त्याच्या गाडीत! नाहीतरी कुजबुज करून करून जीव थकला असेल तुमचा."

खाम्पेंगने गाठोड्याची गाठ आवळली. एरवी ती नवऱ्याला पी म्हणायची. राग आला की इतर गिऱ्हाइकांसारखं चांग. "चांग इन्ता," ती म्हणाली, "तुला तोंड आहे. कान तर गावाने नावाजलेले. कधी त्या दोन्हींनी सरळ प्रश्न विचारशील? मी उद्या जाणार. परत कधी यायचं, यायचं की नाही, ते वर गेल्यावर बघीन."

यायचं की नाही. हे शब्द इन्ताच्या कानात रात्रभर वाजत राहिले. सकाळी व्हॅन येऊन उभी राहिली तेव्हा तो हत्यारांची पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी तयार होता.

"गाडी चढावर बघायचीय," त्याने विरोतला सांगितलं.

"देव पावला!" विरोत म्हणाला, आणि खरंच आनंदला. इन्ताला तेही खोटं वाटलं.

पुढची सीट खाम्पेंगने घेतली. इन्ता मागे, कोंबड्यांची टोपली आणि म्हातारी उई चान यांच्या मधे. उई चान बो क्लुआची. दर आठवड्याला मीठ विकायला खाली यायची आणि गावभरच्या बातम्या घेऊन वर जायची. पुढे विरोत काहीतरी म्हणाला आणि खाम्पेंग हसली. इन्ताने मान लांब केली.

"बस की नीट, पोरा," उई चान म्हणाली. "माझ्या कोंबड्या तुझ्यापेक्षा शांत आहेत."

खाचरं मागे पडली, चढ लागला. व्हॅन माणसांनी आणि पोत्यांनी गच्च भरलेली, तरी पहिली वळणं मजेत चढली. इन्ताच्या चेहऱ्यावर, मी म्हणत नव्हतो का, असं उमटायला लागलं होतं. आणि मग एका खड्या वळणावर, पाय खालपर्यंत दाबलेला असताना, इंजिनाचा आवाज बसला. बंद पडलं नाही. उशी तोंडावर धरावी तसं घुसमटलं. व्हॅन रांगायला लागली.

"झालं सुरू," विरोत म्हणाला. त्याच्या आवाजात गाणं उरलं नव्हतं. एक हात त्याने नमस्कार केल्यासारखा स्टिअरिंगवर टेकवला.

"आता बघ मागे काळा ढग," उई चान म्हणाली. "मागच्या खेपेला माझा पांढरा सदरा वाया गेला."

इन्ता ताडकन वळला. मागच्या काचेतून रस्ता दिसत नव्हता, इतका काळाकुट्ट धूर. "काळा? दर वेळी काळाच असतो?"

"मग काय हिरवा असतो?"

"मला कोणी सांगितलं नाही!"

"तू विचारलंस कोणाला?"

 डिझेल कमी पडलं तर इंजिन मुकाट्याने मरतं. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी. एवढे दिवस तो पोट तपासत बसला होता, आणि गाडीचा गळा कोणीतरी आवळत होतं. त्याने विरोतला थांबायला लावलं, चाकामागे दगड ठेवले, सगळ्यांना उतरवलं.

"खाम्पेंग, तू आत बस. मी सांगेन तसा पाय दाब. विरोत, ब्रेकवर लक्ष ठेव."

तिने पाय दाबला. इन्ताने डोळे मिटले. विरोत, लिची, गाठोडं, सगळं विसरून कितीतरी दिवसांनी त्याने नुसतं इंजिन ऐकलं. सीटच्या मागून, खांबाच्या आतून, बारीक शीळ येत होती. हवा आत घ्यायची नळी याच खांबातून वर जाते, आणि तिचं तोंड या आच्छादनाच्या आत. एअर फिल्टर त्याच्याही पुढे. तो स्वच्छ दिसणारच.

त्याचे हात स्क्रू काढत होते, पण मन पुढे पोचलं होतं. खांब. वरची फट. बोट घातलं तेव्हा रिकामी लागलेली. वर खोचलेली वस्तू धक्क्यांनी आत सरकली, तर जाईल कुठे?

आच्छादन निघालं. त्याने नळीच्या तोंडाशी हात घातला आणि बोटांना आधी तार लागली. तारेतून एक पदर सुटून लोंबत होता. सपाटीवर तो बाजूला पडत असेल. चढावर गाडी मागे कलली की तोंडावर येऊन बसायचा, आणि इंजिनाने जोराने श्वास ओढला की घट्ट चिकटायचा. थांबलं की गळून पडायचा. बिघाड मिळाला होता. इन्ताने आयुष्यात इतका लपंडाव खेळणारा बिघाड पकडला नव्हता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने आत ठेवला होता.

त्याची पाठ सगळ्यांकडे होती. मूठ मिटली तर कोणाला काही दिसणार नव्हतं. सुकलेलं पान होतं म्हणावं, पिशवीचा तुकडा होता म्हणावं, संपलं. मूठ खिशाकडे गेली आणि खिशाच्या तोंडाशी अडली. कमरेखाली? देवीचं वस्त्र? हात काही खाली जाईना. आणि मग त्याला समजायच्या आत, बालपणापासूनच्या सवयीने तो हात वर गेला. सगळ्यांच्या देखत, भर रस्त्यात, चांग इन्ताने धुळीने माखलेलं ते तीन रंगांचं फडकं कपाळाला लावलं.

"मे-या-नांग!" विरोत मटकन खालीच बसला आणि हात जोडून रडायला लागला. "तू गेली नव्हतीस! आतच होतीस!"

 विरोतने हुंदके देत सगळं सांगितलं. नव्या वर्षाला फडकं दिसेनासं झालं, पाठोपाठ गाडीची ताकद गेली. त्याला वाटलं देवी गाडी सोडून गेली. दुसरं बांधायची छाती होईना. आधी तिचा राग जायला हवा. म्हणून दर देवाच्या दिवशी खाम्पेंगकडून हार घ्यायचा आणि तिलाच विचारायचं, माझं काय चुकलं असेल? "तुला कसं सांगणार, पी? तू हसला असतास. आणि माणसांच्या कानावर गेलं असतं की या गाडीत मे-या-नांग नाही, तर माझ्या गाडीत बसलं असतं कोण? खाम्पेंगला मीच शपथ घातली होती."

म्हणजे या माणसाला काही सापडलं नव्हतं. तो कोणाला खेळवत नव्हता. तो घाबरला होता. इन्ताच्या मत्सराने त्याला दर अष्टमीला आणि दर पौर्णिमेला हाताला धरून इन्ताच्याच दारात आणून बसवलं होतं.

खाम्पेंग खाली उतरली. तिने फडकं नवऱ्याच्या हातातून घेतलं. तारेवर तिची नजर ठरली. दोनदा वळवून टोक आत दडपलेली तार. घरातली तुटकी टोपली, छत्रीची काडी, तिच्या हारांची खुंटी, सगळीकडे हाच पीळ होता. तिने मान वर केली. इन्ताने मान खाली घातली. आता ती बोलणार, आणि उद्या हे सगळ्या पुआत झालेलं असणार. तो तिच्या शब्दांची वाट बघत उभा राहिला, आणि त्याला कळलं की गावाची आपल्याला भीती नाही. यायचं की नाही, एवढीच भीती आहे.

"वाऱ्याने गेलं असेल आत," खाम्पेंग म्हणाली. "दार उघडं ठेवायची खोडच आहे विरोतला." बोलता बोलता तिने तार काढून मुठीत घेतली. फडकं झटकलं आणि स्टिअरिंगच्या दांड्याला पुन्हा बांधलं. साध्या गाठीने.

उई चानने इन्ताकडे बघून तोंड उघडलं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, कोंबड्यांशीच बोलायला लागली.

उरलेला घाट व्हॅन अशी चढली की गाडीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. पुढे विरोतची गाणी सुरू झाली, दोनदा खाम्पेंग हसली. दोन्ही वेळा इन्ताने मान लांब केली. खरं कळलं म्हणून दुखायचं थांबतं असं नाही.

बो क्लुआला सगळे उतरले. विरोत पोती उतरवायला गेला. खाम्पेंगने इन्ताच्या तळहातावर तार ठेवली.

"ही तुझी."

"हो," इन्ता म्हणाला. त्याने तार सरळ केली. मग म्हणाला, "आपल्या पिकअपला पण एक बांध."

"इंजिन डिझेलवर चालतं ना?"

"बांध. तसलीच गाठ, कमळाची. त्याच्या गाडीला होती तशी."

खाम्पेंग त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

"ते फडकं तुझंच होतं, पी," ती म्हणाली. "कमळ शिकायला मला सगळा मार्च महिना गेला. तुझ्या पिकअपपाशी मी घेऊन आले होते ते हेच. तू चिंधी म्हणालास. बांधलेलं कमळ पुन्हा सोडवायला जीव होईना, म्हणून पहिली गाडी आली तिला बांधून टाकलं."

ती गाठोडं घेऊन बहिणीच्या घराकडे निघाली. चार पावलांवर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "नीट विचार कर. बांधायचं म्हटलं तर परवा खाली यावं लागेल मला."

"ये," इन्ता म्हणाला. तोवर ती चालू लागली होती, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "ये!"